नानांच्या दारात संपणारी शर्यत

आप्पा गेल्याचा निरोप अमळनेरला मी शिकवतो त्या शाळेत आला. शिपायानं मला वर्गाबाहेर बोलावून हळूच सांगितलं. आप्पा माझा मधला भाऊ, धुळ्याच्या एसटी डेपोत मेकॅनिक. पन्नाशीही गाठली नव्हती. सगळे त्याला 'पळणारा आप्पा' म्हणूनच ओळखत.

त्याच्या संजूला हिमोफिलिया. पोरगं जरा आपटलं की गुडघ्यात रक्त साचायचं, थांबायचं नाही. औषध मुंबईहून बर्फात घालून आणावं लागे. आजाराचं नाव कळलं त्या दिवाळीत आम्ही सगळे पारोळ्याला थोरल्या भावाकडे, नानांकडे जेवायला बसलो होतो. वहिनी, म्हणजे आप्पाची बायको, वाढत होत्या. नाना त्यांच्यासमोरच म्हणाले, "हा रोग बाईकडून येतो. सोड हिला, दुसरी कर." आप्पा भरल्या ताटावरून उठला. संजूला खांद्यावर घेऊन वहिनींसह निघाला, तेव्हा नाना म्हणाले, "हिला घेऊन पुन्हा हा उंबरा चढू नको." मी पोळी मोडत राहिलो...

आप्पा उंबरा चढला नाही. तो पळायला लागला. आधी पुण्याच्या मॅरेथॉनमध्ये, छातीवर 'माझ्या मुलाच्या औषधासाठी' असं लिहिलेलं कापड शिवून. मग त्यानं स्वतःची शर्यत काढली. मॅरेथॉनइतकं अंतर भरावं म्हणून धुळ्याच्या पार पलीकडून सुरुवात आणि शेवट पारोळ्यात, नानांच्या दारात. मी पाणी घेऊन सायकलवर बाजूनं असायचो. धुळ्याच्या चौकात शेवट केलास तर मदत जास्त जमेल, असं मी एकदा म्हणालो. धापा टाकतच तो म्हणाला, "पैसा कोठेबी भेटी. नाना तठेच भेटी."

आमच्याकडे दमून आलेल्याच्या पायावर घरच्यांनी पाणी घालायचं असतं. आप्पा उंबऱ्याबाहेर पाय पुढे करून उभा राहायचा. ढोल वाजत असायचा, अख्खी गल्ली गोळा झालेली. थोरल्यानं वाकून धाकट्याचे पाय धुवायचे आणि मग वहिनींनी त्याच दारात आप्पाला ओवाळायचं. नाना नाही म्हणाले असते, तर बाजारात तोंड दाखवता आलं नसतं. दर वर्षी हेच. एकदा पाणी घालताना नाना पुटपुटले, "आता पुरे कर रे." आप्पा हसला. "संजूचं रक्त थांबलं का, नाना?"

नानांची ती वाकलेली पाठ बघून मला बरं वाटायचं, हे इथे कबूल करतो. मला वाटायचं, मी आप्पाच्या बाजूचा आहे.

आप्पाला अग्नी दिल्यावर तिसऱ्या दिवशी नाना आणि मी एकाच वेळी धुळ्याला त्याच्या घरी पोचलो. वहिनी दारात उभ्या होत्या. "नाना, बाहेरच बसा," त्या म्हणाल्या. नाना ओट्यावर बसले. मी चपला काढून आत निघालो, तर चौकटीवरचा वहिनींचा हात हलला नाही.

"तुम्हीबी, भाऊजी. त्या दिन तुम्ही जेवत बठेल व्हतात."

आता दर रविवारी मी अमळनेरहून जातो. संजू लंगडत बाहेर येऊन चहा देतो, डेपोतल्या गमती सांगतो. बापाच्या जागी त्याला तिथे कारकून म्हणून घेतलंय. दार उघडंच असतं. आत आप्पाचा पलंग दिसतो, वहिनींची ये-जा दिसते. आत बोलावणं येत नाही... आणि मीही ते मागितलेलं नाही.