मातीवाल्या बाई आणि बांधावरचे खेकडे

आमच्या मातीवाल्या बाई माती चाखून बघत. खरंच! चिमूटभर चिखल जिभेवर ठेवायचा, थुंकायचा आणि म्हणायचं, "खारट आहे, लिहून घ्या." प्रयोगशाळेतलं यंत्र अर्ध्या तासाने तेच सांगायचं. आम्ही विद्यार्थी नाकं मुरडायचो आणि गुपचूप चाखूनही बघायचो.

माझं गाव रेवदंड्याच्या खाडीकडे. आमचं भात खारबांधाच्या, म्हणजे भरतीचं पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधाच्या भरवशावर. तो फुटला की शेतात खारं पाणी, मग दोन-तीन वर्षं भाताचं नाव काढायला नको. त्याच बांधाचं संगणकावर मॉडेल कर, असं बाईंनी सांगितलं तेव्हा मी कुरकुरलो, "बाई, एखादं मोठं धरण द्या ना."

बाई उसळल्याच. "अरे वेड्या, धरणांवर ढीगभर लोक बसलेत! तुझ्या बांधाला कोणी हात लावलेला नाही. माती आहे, मीठ आहे, भरती आहे, वर पाऊस आहे. आणखी काय हवंय तुला?" बोलण्याच्या भरात त्यांच्या हातातला खडू तुटला.

मॉडेल झालं. कितीही मोठी भरती घाला, बांध ढिम्म हलेना. मी जाम खूश. बाई पडद्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "चल, गावी जाऊ."

ओहोटीला साडी खोचून त्या चिखलात उतरल्या. माझे बाबा सोबत होते. "बांध फुटतो कशाने?" बाईंनी विचारलं.

बाबा हसले. "बाय, ते खेकऱ्यांना इचारा. पानी त्यांच्याच बिलातून शिरतं."

बाई माझ्याकडे वळल्या. "तुझ्या मॉडेलमध्ये खेकडे कुठायत?"

त्याच बिळांत हात घालून लहानपणी मी बोटं फोडून घेतली होती, पण कॉलेजात गेल्यावर खेकडे म्हणजे काही विज्ञान नव्हे असं वाटायला लागलेलं. अशी लाज वाटली म्हणून सांगू! बाई मात्र टाळ्या पिटत होत्या. "सापडलं रे, सापडलं!"

आठवडाभर आम्ही तिघांनी बिळं मोजली. नव्या मॉडेलने पाणी सोडायच्या दरवाजाजवळचा एक तुकडा लालभडक दाखवला. बाबांनी गावाला समजावून तिथे चिकणमातीच्या गोणी रचून ठेवल्या. पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणाला भरदुपारी पाणी पाझरलं ते नेमकं तिथेच! सगळा गाव गोणी घेऊन धावला. बांध टिकला, भात वाचलं.

मी धापा टाकत बाईंना फोन केला. "बाई, तिथेच पाझरलं!"

"किती वाजता?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मग म्हणाल्या, "बाबा बरे आहेत ना?"

आमच्या शोधनिबंधावर त्यांनी स्वतःचं नाव शेवटी ढकललं आणि मधे बाबांचं घातलं. तो छापून आला तेव्हा बाई नव्हत्या. निवृत्तीनंतर वर्षभरातच गेल्या. बाबांना इंग्रजी येत नाही. त्यांनी आपलं नाव कुठलं ते विचारलं, मग बाईंचं. बाईंच्या नावावर त्यांनी बोट ठेवलं.

"बाय खरी मानसं वलखायची," डोळे पुसत ते म्हणाले. "पन खेकऱ्यांचं नाव टाकायला इसरली बघ."