कॅमवरची सपाट जागा

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळही नाही. आज तुम्हाला सांगतेय — तुम्हालाच का, ते मलाही नीट कळत नाही.

भिवंडीत आमचं वर्कशॉप आहे. जुन्या यंत्रमागांचे जे भाग आता कुठेच मिळत नाहीत, ते आम्ही स्कॅन करतो, स्क्रीनवर त्यांची झीज भरून काढतो आणि धातूची पावडर लेझरने थरावर थर वितळवून तसेच नवे बनवतो. लोक मुद्दाम बघायला येतात. मला त्याचा अभिमान होता — अभिमान कसला, माजच होता.

दापोड्याचे बाळारामकाका एका शेठच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. मुलीच्या लग्नासाठी सुट्टीवर जाण्याआधी ते एक कॅम, म्हणजे मागात फिरणारी, एका बाजूला फुगीर अशी लोखंडी चकती घेऊन आले. मागात आडवा धागा घेऊन धावणाऱ्या धोट्याला टोला बसतो तो या कॅममुळे. त्यावर एका जागी थोडा सपाटपणा होता. "ती झीज न्हाय गो पोरी, मीच कानशीनं घासलंय. तो माग लय जोरात मारतो. जसाच्या तसा कर."

मी हो म्हटलं. ऐकलं होतं ना? ऐकलं होतं, शब्दन् शब्द. पण स्क्रीनवर ती जागा मला खुपत राहिली. अंदाजाने कानस चालवणाऱ्या माणसाने मला शिकवायचं? मी ती पुसून टाकली. छान गोलाईचा, गुळगुळीत कॅम बनवला. काका लग्नात असताना दुसऱ्याच कुणी तो बसवला.

चौथ्या दिवशी धोटा मागातून उडाला आणि कारागिराच्या भुवईवर बसला. डोळा थोडक्यात वाचला. शेठनी काकांना लग्नघरातून बोलावलं, मलाही बोलावलं. काकांनी कॅमवरून बोट फिरवलं आणि ते माझ्याकडे वळले. "मी तुला सांगलेला ना गो?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी — मी म्हणाले, "नाही काका."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कॅम खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "मंग मीच इसरलो आसन."

शेठनी त्यांना काढलं नाही. विसरणाऱ्या माणसाने मागाला हात लावू नये, असं म्हणून काका आपणहून घरी बसले. मी नवा कॅम बनवला, त्यांनी सांगितलेल्या सपाट जागेसकट. शेठ खूश झाले. मी ते कौतुकही घेतलं.

परवा धामणकर नाक्यावर त्यांची सून भेटली. काका आता एकटे बाहेर पडत नाहीत म्हणाली. गोळी घेतली का, हे तीन-तीनदा विचारतात. डॉक्टरला काहीच सापडलं नाही. यावर मी काय म्हणाले असेन? "वय झालं की होतं असं."

दापोडं काही लांब नाही. मी गेलेले नाही. काका काहीही विसरले नव्हते — हे मला माहीत आहे, त्यांना नाही.