मरीमायचा कोंबडा सरकारी पिंजऱ्यात

माझी पहिली मुलगी तापातून वाचली तेव्हा सासूबाईंनी मरीमायला कोंबडा बोलला. अंड्यातून नुकतंच निघालेलं एक पिल्लू त्यासाठी वेगळं काढलं. नवस फिटेपर्यंत लेकराला गावाची शीव ओलांडायची नाही, असा त्यांचा कायदा. माझ्या आईने नात अजून पाहिली नव्हती. माझं माहेर त्या पिल्लाच्या पिसांत अडकलं.

तेच पिल्लू सासऱ्यांनी सरकारी डाक्टरला देऊन टाकलं. निजामाच्या राज्यात साहेबाला नाही कोण म्हणणार! कोंबड्यांना रक्ताची हगवण लागते, तिचा किडा शोधायला तो हैदराबादेहून आला होता. चावडीत त्याने बारीक किडे मोठे करून दाखवणारी दुर्बीण मांडली. काही कोंबड्यांना तो मुद्दाम किडा खाऊ घाली, काही निरोगी ठेवी. आमचा निरोग्यांत. तारेच्या पिंजऱ्यात उभा राहून उकळलेलं पाणी पीत मोठा झाला.

"याचा पाय भुईले लागू देत नाई," सासूबाई म्हणाल्या. "मले तं बाळंतपणातबी कोनी खाटेवर बसू देल्लं नाई."

डाक्टर म्हणाला, "अम्मा, ये मुर्गा अब सरकारी है."

"सरकारी काऊन? अंडं काय सरकारनं घातलं होतं?"

शेवटी तो म्हणाला, दुसरा निरोगी कोंबडा आणा आणि हा घेऊन जा. आम्ही घरचा नेला. त्याची शीट काचेवर घेऊन पाहिली तर किड्याची अंडी. मग शेजारणींचे नेले. सगळे चांगले माजलेले, एकमेकांवर धावून जाणारे, पण सगळ्यांत अंडी. सासूबाईंनीही नळीला डोळा लावला. साबुदाण्यासारखं दिसतं म्हणाल्या आणि चावडीच्या पायरीवर बसल्या.

"मंजे आतापावतर मायले आमी रोगीच कोंबडे देल्ले! तवाच अशी सून भेटली."

मी म्हटलं, "आत्याबाई, इतके वर्षं मायनं कुरकूर केली नाई. तिले तेच रुचत असतीन."

त्या पायरीवरून उठल्या. मग म्हणाल्या, "खरं हाय. आता भलतंच निरोगी खाल्लं अन् तिले बाधलं तं?"

घरचाच कोंबडा मरीमायला कापला. डाक्टरला जेवायला बोलावलं. त्याने रस्सा खाल्ला नाही, आतडं तेवढं मागून घेतलं आणि पळसाच्या पानात बांधून नेलं.

दुसऱ्या दिवशी मी माहेरी पोचले. "एवढा उशीर काऊन केला, बाई?" आईने विचारलं.

"कोंबड्याची शीट तपासून राह्यले होते," मी म्हटलं.

आईने नात माझ्या मांडीवरून उचलली, बाजूला निजवली आणि आधी माझ्यावरून मीठ-मिरच्या ओवाळल्या.