गौरीची पावलं आणि टीव्हीवाले

निवृत्त झाल्यापासून आमच्या ह्यांना एकच नाद लागला होता. टीव्हीवरच्या तस्करीच्या मालिका, अफू-गांजा-चरसच्या, आणि त्याही खऱ्या घटनांवरच्या. खाली ‘सत्य घटना’ अशी पट्टी आली की ह्यांच्यासाठी ते ब्रह्मवाक्य. एकीत कुठल्याशा गावातली हिरव्या दाराची बाई दाखवली, तोंड धूसर केलेलं. “चालण्यावरूनच कळतं, पक्की तस्कर आहे,” हे म्हणाले. मी म्हटलं, “अहो, चालण्यावरून तिचे गुडघे दुखतात एवढंच कळतं!” पण माझं ऐकतंय कोण?

झाशीत ओरछा गेटाशी आमचं घर. मी, हे आणि माझ्या थोरल्या जाऊबाई. दीर गेल्यावर जाऊबाईंनी नर्सिंग शिकणाऱ्या मुलींना डबे द्यायला सुरुवात केली. मुली डबा न्यायला यायच्या आणि ओट्यावर बसून गावभरच्या गप्पा मारायच्या. जाऊबाईंचा सगळा जीव त्या डब्यांत होता. दीर गेल्यावर त्या हसायला लागल्या त्या ह्या पोरींमुळेच.

मागच्या गौरींना दारात कॅमेरेवाले आले. “आंटीजी, पुराने घरों के त्योहारों पर फिल्म बना रहे हैं.” जाऊबाई हरखल्या. इथे आमच्या गौरी बघायला येतं कोण? त्यांना पुरणपोळी वाढली, सगळं घर दाखवलं. आमच्याकडे कुंकवाच्या पाण्यात मूठ बुडवून पावलं उमटवतात, वर बोटांच्या टोकांनी ठिपके. ती दारापासून निघतात, स्वयंपाकघरातून थेट धान्याच्या खोलीपर्यंत जातात. गौर आली की तिला घरातली बरकत दाखवायची असते. त्यांनी ती पावलं पुन्हा पुन्हा टिपली.

पुढे थंडीत एका रविवारी दुपारी हे ओरडले, “वहिनी, या या, आपलं दार टीव्हीवर!” आम्ही हात पुसत धावलो. दार आमचंच होतं. पावलंही आमचीच. आणि खर्जातला आवाज सांगत होता की माल कुठे दडवलाय ते ह्या खुणा टोळीच्या माणसांना दाखवायच्या. मग एक बाई, तोंड धूसर, धान्याच्या खोलीचं दार लावून घेताना. जाऊबाईंनी स्वतःचं लुगडं ओळखलं.

“अहो, तिथे गहू आहेत,” त्या टीव्हीला म्हणाल्या. मला रडूच फुटलं.

ह्यांनी खटपट करून मालिकावाल्यांना फोन लावला. उत्तर मिळालं, “सर, नीचे लिखा तो है, प्रतीकात्मक दृश्य.” मालिकेचा तो भाग पुन्हा लावून बघितला, तर होतं खरं. मुंगीएवढी अक्षरं, डोळा लवेपर्यंत गायब. मेल्यांनी आमची पुरणपोळी खाल्ली होती हो!

बडा बाज़ारात भाजीवाला हसून म्हणाला, “आंटी, आप तो फेमस हो गईं.” मी त्याला असं झापलं की त्याने मेथीची जुडी फुकट दिली. पण मुलींच्या घरच्यांना कोण झापणार? एकेक डबा बंद झाला. ओटा ओस पडला. जाऊबाई सवयीने जास्तीची कणीक मळायच्या आणि मग परातीकडे बघत बसायच्या.

यंदा गौरी आल्या तेव्हा त्या म्हणाल्या, “पावलं नकोत गं.” मी भांडले, पण त्यांनी कुंकवाची वाटी कोनाड्यात ठेवून दिली.

त्याच सकाळी दारात एक गृहस्थ उभे. समथर गावाहून आले होते. त्यांची मुलगी आमच्याकडून डबा न्यायची, तो त्यांनीच बंद केला होता. म्हणाले, “बिटिया रोज़ लड़ती है. सोचा, खुद देख लूँ.”

हे चिडून पुढे झाले. जाऊबाईंनी त्यांना हाताने थांबवलं. “थांबा भाऊजी.” त्यांनी कोनाड्यातली वाटी काढली आणि उंबऱ्याशी बसल्या. मूठ बुडवली, टेकवली, ठिपके दिले. “आइए भैया.” एकेक पाऊल उमटवत त्या सरकत होत्या आणि ते गृहस्थ चपला काढून मागोमाग चालत होते. शेवटचं पाऊल टेकवून त्यांनी धान्याच्या खोलीचं दार उघडलं. आत गव्हाची पिंपं, गूळ, लोणच्याच्या बरण्या. गृहस्थांनी सगळं नीट पाहिलं आणि त्यांची मान खाली गेली.

“बहनजी, बिटिया का डिब्बा आज से ही देंगी?”

जाऊबाई कुंकवाच्या हातांनीच डोळे पुसत उठल्या आणि कणीक मळायला गेल्या.

ते गेल्यावर मी ह्यांच्यासाठी चहा आणला. टीव्ही बंद होता, आणि हे त्या काळ्या काचेकडे बघत बसले होते.

“अगं,” ते म्हणाले, “त्या हिरव्या दाराच्या बाईकडे कुणी गेलं असेल का, बघायला?”