उम्म फहादची उघडी बाग

गफूर मुकादम बावीस वर्षं सौदीतल्या ताइफच्या एका बागेत माळी होता आणि त्या बागेच्या मालकिणीचा चेहरा त्यानं एकदाही पाहिला नव्हता. हे ऐकून कोणी हसलं की तो चिडायचा. "बागेकडं बघायचा पगार मिळतो मना, बाईकडं बघायचा नाय," म्हणायचा. हसणारे गप्प बसत, कारण गफूरच्या हातात बहुधा कात्री असे.

मालकिणीला सगळे उम्म फहाद म्हणत, म्हणजे फहादची आई. वय पंच्याहत्तरीच्या पुढं. नवरा कधीच वारलेला, मुलगा फहाद रियाधला नोकरीत. घरात ती आणि एक कामवाली. घरापुढं साठेक गुलाबांची बाग आणि बागेभोवती दोन पुरुष उंचीची भिंत. दुपार कलली की म्हातारी डाळिंबाखालच्या खुर्चीत येऊन बसायची. जपमाळ नाही, फोन नाही, काही नाही. चेहरा उघडा टाकून, वाऱ्यावर नुसती बसून राहायची. दिवसाचा तेवढा एक तास तिचा स्वतःचा होता.

नेमकी तीच गफूरची पाण्याची वेळ. फाटकातून शिरताना तो मोठ्यानं खाकरायचा आणि "या सातिर, या सातिर" असं दोनदा पुकारायचा. परका पुरुष आत येतोय, बायकांनी सावरून बसावं, याची ती तिथली वर्दी. मग मान जी खाली जायची ती पुन्हा फाटकाबाहेर पडेपर्यंत वर यायची नाही. उम्म फहाद मात्र उठून आत जायची नाही. खुर्चीतूनच सांगायची, "गफूर, तिसरी ओळ कोरडी आहे." गफूर आळ्यातल्या मातीला "हाजिर" म्हणायचा आणि तिसऱ्या ओळीकडं वळायचा. तो जाडसर, जरा खरखरीत आवाज त्याला घरच्या आवाजाइतका ओळखीचा झाला होता.

गेल्या वर्षी रस्ता रुंद झाला आणि भिंत गेली. नव्या नकाशात तिच्या जागी कमरेइतकं कुंपण आलं, वर लोखंडी गज, म्हणजे आरपार सगळं दिसणार. फहादनं गजांना आतून पत्रे ठोकायचं ठरवलं. गफूरनं हात जोडले. "उन्हानं पत्रा तापेल साहेब, कळ्या करपतील." म्हातारीनंही वरून निरोप धाडला, पत्रे नकोत. पत्रे ठोकायचे राहिले, पण उम्म फहाद खाली यायची बंद झाली ती झालीच.

गफूरनं घाईघाईनं कुंपणाला लागून मेंदीची रोपं लावली. त्याच्या गावी, कोकणात हर्णैकडं, घराघराला अशी वय, म्हणजे झाडांचं कुंपण, असते; मेंदी दाट झाली की आतलं माणूस बाहेर दिसत नाही. पण मेंदीला दोन-तीन वर्षं तरी हवीत, आणि म्हातारीकडं ती आहेत की नाहीत हे कोण सांगणार? रोपं गुडघ्याला आली तोवर वसंत आला आणि बाग फुलली. ताइफचा गुलाब जेमतेम चाळीस दिवस फुलतो. त्यातले वीस गेले. कामवालीकडून कळलं, बाई वरच्या खोलीत पडदा ओढून बसते, ताटातलं अर्धं तसंच टाकते. गफूरच्या जिवाला घोर लागला. आपण पत्रे अडवले आणि म्हातारीला कोंडून घातलं, असं त्याला वाटू लागलं.

त्यानं गावी बायकोला, जुबेदाला, फोन केला.

"मी तर रोज खल्यातच बसतंय," जुबेदा घरापुढच्या अंगणाबद्दल म्हणाली. "अख्खा गाव बघतोय."

"तुझा गोष्ट येगला. तू बघणाऱ्यालाच दोन शब्द सुनावतंस."

त्यात आणखी एक ताप झाला. गज आरपार दिसतात म्हटल्यावर जेद्दाहून येणारे सहलीचे लोक गाड्या थांबवून फोटो काढायला लागले. एक कुटुंब तर फाटक उघडून सरळ आत आलं आणि गुलाबात पोज देऊन उभं राहिलं. तेव्हापासून गफूर पहारेकऱ्यासारखा वागू लागला. "या सातिर" म्हणायचंही त्यानं सोडून दिलं. बागेत कोणी बसतच नाही, तर वर्दी द्यायची कुणाला?

एके दिवशी दुपारी तो फाटकातून आत शिरला तर डाळिंबाखालच्या खुर्चीत एक म्हातारी आरामात बसलेली. काळा अबाया, डोक्याला फडकं, चेहरा उघडा, हातात एक गुलाब. आणि तो तिनं तोडलेला! गफूरचं टाळकं सरकलं.

"यल्ला हाज्जा, उठा!" तो तिथूनच ओरडला. "ही खाजगी बाग आहे. ती खुर्ची उम्म फहादची आहे, तिथं कोणी बसायचं नाही. खलास, चला बाहेर!"

म्हातारीनं त्याच्याकडं शांतपणे पाहिलं.

"गफूर," ती म्हणाली, "तिसरी ओळ कोरडी आहे."

गफूरच्या हातून पाइप गळून पडला. डोळे आपोआप जमिनीकडं गेले, कान तापले. माफी कुठल्या भाषेत मागावी हेच त्याला सुचेना. अरबी, हिंदी, कोकणी सगळं एकदम तोंडात आलं. ती हसत होती, हे त्याला नुसतं ऐकू आलं.

"नमाज सुटेल आता," तो कसाबसा म्हणाला. "सगळे पुरुष याच रस्त्यानं येतील. तुम्ही आत जा."

ती उठली नाही. मशिदीतून माणसं बाहेर पडली, वीस-पंचवीस तरी असतील, आणि बोलत बोलत कुंपणाजवळ आली. पहिल्या दोघांना खुर्ची दिसली असावी. त्यांचं बोलणं थांबलं आणि नजर पायाशी गेली. मग मागच्यांची गेली, मग त्यांच्याही मागच्यांची. कोणी कोणाला सांगितलं नाही, कोणी भराभर चालायला लागलं नाही. एका वयस्कर शेजाऱ्यानं खाली बघतच सलाम केला, उम्म फहादनं खणखणीत आवाजात तो परतवला, आणि ओळ पुढं गेली. इतकी वर्षं या देशात काढून असं काही गफूरनं पाहिलं नव्हतं.

"भीती नाही वाटली?" त्यानं मातीला विचारलं.

"वाटली ना. वर्षभर वाटत होती," ती म्हणाली. "वर बसून एकच विचार करायची, आता भिंत नाही, परकी माणसं बघतील. मग काल एकदम ध्यानात आलं. गफूर, तू परकाच होतास ना? आणि तू तर बावीस वर्षं भिंतीच्या आतच होतास."

गफूर खाली बसला. आळं सारखं करायचं निमित्त करून त्यानं मातीत हात घातला, पण डोळे काही ऐकेनात. साठीला आलेला माणूस तो, भर दिवसा उघड्या बागेत हमसून हमसून रडला. रस्त्यावरून मशिदीतली मागं राहिलेली माणसं चालली होती, आणि त्यांच्यातल्या एकानंही त्याच्याकडं पाहिलं नाही.