बिनधुराची चिमणी

त्र्यंबकमामांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते कारखान्याच्या आवारात मधोमध उभे होते. मान मागे टाकलेली, उन्हाला आडवा हात डोळ्यांवर धरलेला आणि नजर आमच्या उंच चिमणीच्या टोकावर. माझ्या नोकरीचा तो पहिला दिवस होता. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत टोमॅटो आणि आंब्याचा गर डबाबंद करणाऱ्या त्या कारखान्यात मी प्रयोगशाळेत रुजू झाले होते. रसायनशास्त्राची पदवी ताजी होती आणि आपल्याला बरंच कळतं अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

"काय बघताय?" मी विचारलं.

"धूर."

मीही वर पाहिलं. निळंभोर आभाळ होतं. "कुठेय? दिसत तर नाही."

"नाय ना दिसत? मग झालं," ते म्हणाले आणि खांद्यावरच्या पंच्याला हात पुसत चहाला निघून गेले.

पुढे कळलं की हा त्यांचा रोजचा नेम होता. बॉयलर पेटवायचा, भट्टीचा जाळ एकसारखा झाला की बाहेर यायचं, चिमणी बघायची आणि ती स्वच्छ दिसली तरच चहा. धुराची पुसट रेघ जरी दिसली तरी चहा तसाच ठेवून ते आत पळत. हवेची झडप थोडी उघड, कोळसा थोडा पसरून टाक, असं काहीबाही करत आणि मग पुन्हा बाहेर येत. कँटीनवाला त्यांचा चहा दोनदा गरम करायच्या तयारीनेच करायचा.

आमचा सगळा कारखाना वाफेवर चालायचा आणि वाफ मामांच्या हातात होती. भट्टीत कोळसा, वर पाणी, पाण्याची वाफ, आणि ती वाफ नळांतून गर शिजवायच्या मोठमोठ्या कढयांपर्यंत. मॅनेजरसाहेब सगळ्यांवर ओरडत, पण मामांशी बोलताना आवाज खाली आणत. टोमॅटोच्या हंगामात वाफ तासभर बंद पडली तर काय होतं, हे त्यांनी एकदा पाहिलं होतं.

मामा इगतपुरीजवळच्या खेड्यातले. त्यांचे वडील रेल्वेच्या वाफेच्या इंजिनावर कोळसा टाकायचे. "बाप घरी यायचा तो नुसता डोळं आन् दात," मामा सांगत. "म्हातारपणी खोकला तर थुंकी काळी. तवाच ठरीवलं, आपण बी कोळसाच टाकू, पर काळं कुणाला खाऊ घालायचं नाय." धुराबद्दल त्यांचं मत ठाम होतं. "काळा धूर म्हंजे अर्धवट काम, ताई. कोळसा जळलाच नाय, नुसता पळाला."

कारखान्याच्या भिंतीपलीकडे कामगारांची वस्ती आहे. मामा नवीन असताना तिथल्या बायका एकदा कुरडयांची ताटं घेऊनच फाटकावर आल्या होत्या म्हणे. वर्षाच्या कुरडया पत्र्यावर वाळत घातलेल्या, आणि त्याच दुपारी बॉयलरच्या नळ्या साफ केल्यामुळे सगळी काजळी उडून त्यांच्यावर बसली. तेव्हाचा साहेब बाहेर आलाच नाही. मामा गेले, हात जोडले आणि काळे ठिपके पडलेली एक कुरडई सगळ्यांसमोर कचाकचा चावून खाल्ली. त्यानंतर दर उन्हाळ्यात ते भिंतीवरून विचारून घेत, "मावशे, कधी घालणार?" आणि त्या दिवसांत नळ्यांना हात लावत नसत. साफसफाईचं अधिकृत वेळापत्रक ऑफिसात टांगलेलं होतं. खरं वेळापत्रक वस्तीतल्या बायका ठरवत होत्या, आणि हे मॅनेजर सोडून सगळ्यांना माहीत होतं.

मामांची पत्नी फार लवकर गेली. मुलगी लग्न होऊन कल्याणला. मामा सातपूरला एका खोलीत राहत, पण ते खरे राहत होते बॉयलरपाशीच. निवृत्ती दोन वर्षांवर आली तेव्हा मॅनेजरसाहेबांनी त्यांना शब्द दिला होता की नंतरही दोन वर्षं तुम्हाला ठेवून घेऊ. मामांनी तो शब्द जिवापाड जपला होता. मला म्हणाले होते, "बॉयलर नुसता थंड पडून राह्यला ना ताई, तर आतून गंजतो. माणसाचं बी तसंच हाय."

आणि मग मी माती खाल्ली.

दिवाळीनंतरचे दिवस होते. मामा गावाहून आले ते गप्प गप्प. भावाच्या शेतात कापून ठेवलेलं भात अवेळी आलेल्या पावसात भिजलं होतं आणि पेंढ्यांतल्या दाण्यांना मोड फुटले होते. लागोपाठ दुसऱ्या वर्षी. चहा पिताना त्यांनी विचारलं, "ताई, तुम्ही शिकल्याल्या. पाऊस असा येड्यावाणी का वागाय लागला?"

मला कुणी काही विचारलं की मी सुटतेच. मी सांगितलं की पृथ्वी तापतेय आणि त्याला बरीचशी आपण जाळतो ती कोळसा-तेलं कारण आहेत. धुरातली काजळी ऊन पिऊन घेते आणि हवा तापवते. वाऱ्याबरोबर पार हिमालयापर्यंत गेली तर बर्फावर बसते, मग बर्फ लवकर वितळतो. मामांनी समाधानाने मान हलवली. काजळी तर त्यांनी केव्हाच थांबवली होती. इथेच मी थांबायला हवं होतं.

"पण मामा, काजळी चार-आठ दिवसांत खाली बसते. खरा त्रास न दिसणाऱ्या वायूचा. कोळसा जळला की तो होतो आणि पिढ्यान्‌पिढ्या वर राहतो. गोधडीसारखा. खालची ऊब बाहेर जाऊ देत नाही."

"कुनाचा कोळसा?"

"सगळ्यांचाच."

"आपला बी?"

"आपलाही."

ते चिमणीकडे बघत राहिले. "पर आपल्या चिमणीतून तर काय निघतच नाय."

"दिसत नाही, मामा. निघतो. जाळलेल्या कोळशापेक्षा त्याचं वजन जास्त भरतं, कारण हवेतला प्राणवायू त्याला चिकटतो. आणि तुम्ही म्हणता ना, कोळसा पूर्ण जळला पाहिजे? पूर्ण जळला म्हणजे पूर्ण वायू झाला."

त्यांनी कप खाली ठेवला आणि उठून गेले. तीस वर्षं ज्या स्वच्छ आभाळाकडे बघून तो माणूस चहा प्यायला होता, ते मी दोन वाक्यांत काढून घेतलं होतं. आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. मी मधे एकदा जाऊन म्हटलंही, "मामा, जगात लाखो चिमण्या आहेत. तुमच्या भावाचं भात काही आपल्या बॉयलरनं नाही भिजवलं." त्यांनी भट्टीचं दार उघडलं, कोळसा टाकला, दार लावलं. मी परत आले.

नवव्या दिवशी ते प्रयोगशाळेच्या दारात उभे. चपला बाहेर काढून आत आले. तसं कुणी करत नसे.

"जळाल्यावर वायू होनारच म्हंता?"

"होणारच."

"मग जाळायचंच कमी करू. चला माझ्यासंगं."

त्यांनी मला सगळा कारखाना फिरवला. कुठल्या सांध्यातून वाफ फुसफुसते, कुठला नळ उघडाबोडका असल्याने वाटेतच थंड होतो, कढया तापवून वाफेचं झालेलं गरम पाणी कुठे गटारात जातं, हे सगळं त्यांना पाठ होतं. आजवर ही तूट ते जास्तीचा कोळसा टाकून भरून काढत होते. "वाफ गळते तिथं कोळसाच गळतो, ताई. मी आपला वर चिमणी बघत बसलो, खाली बघितलंच नाय."

मग सहा-सात महिने तो एकच ध्यास. पाळी संपली की मामा शिडीवर. नळांना लोकरीसारखं जाड आवरण गुंडाळायचं, वरून पत्रा, पत्र्याला तार. गळके सांधे बदलायचे. गटारात जाणारं गरम पाणी पंप लावून परत बॉयलरला. मी मोजमाप घ्यायची, ते विचारायचे, "आज किती कमी?" आकडा ऐकला की मान हलवायचे आणि पुढच्या नळाकडे वळायचे. पुढच्या टोमॅटो हंगामात कोळशाचा ढीग फारसा उतरलेला नाही हे पाहून कोळसा आणणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरने विचारलं, "कारखाना बंद हाय का काय?"

मी मोठ्या उत्साहाने अहवाल लिहिला. मामांचं नाव पहिलं घातलं, माझं त्याखाली. साहेबांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवला, टाळ्या झाल्या. महिन्याभरात त्याच अहवालाचा आधार घेऊन निर्णय झाला. इतकी कमी वाफ लागत असेल तर एवढा मोठा कोळशाचा बॉयलर कशाला? गॅसवर चालणारा लहान बॉयलर घेऊ, छतावर पाणी तापवायला सौर पॅनेल बसवू. कोळसा कायमचा बंद. नव्या बॉयलरला दुसऱ्या पाळीतला तरुण ऑपरेटर पुरे. मामांची निवृत्ती तोंडावर आली होती, पण वाढीव दोन वर्षांचा विषय कुणी काढलाच नाही. शब्द तोंडी दिलेला होता, तोंडीच राहिला.

मी तावातावाने साहेबांकडे निघाले होते. मामांनी जिन्यात अडवलं. "नका जाऊ. खोटं काय बोलनार? वाफ कमी लागते हे खरंच हाय."

"पण तुम्हाला हे आधी कळायला हवं होतं मामा!"

"कळत हुतं की. पाइप गुंडाळतानाच कळत हुतं."

निरोपाच्या दिवशी कँटीनमध्ये शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. मामांना बोलायला सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "नव्या बॉयलरचं पाणी येळेवर तपासत जा." मग जुन्या बॉयलरवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. तो तोवर गार झाला होता. मी रडले. मला लपवता आलं नाही आणि लपवायचंही नव्हतं.

ते आता गावी असतात, भावाला शेतात मदत करतात. मधूनमधून आम्ही फोनवर बोलतो. गेल्या दिवाळीनंतर मी विचारलं, "यंदा भात कसं?"

"भिजलं," ते म्हणाले. "औंदा बी."

 मग इतकी वर्षं मनात असलेलं मी एकदाचं विचारून टाकलं. "मामा, तो उद्योग केला नसता तर दोन वर्षं आणखी राहिला असता तिथे. आणि पाऊस तर आहे तसाच आहे. वाईट नाही वाटत?"

"वाईट वाटतं ना. लय वाटतं. सकाळी डोळं उघडलं की भट्टीच आठवती." मग हसले. "पर पाऊस सुधारंल म्हनून थोडंच केलं, ताई? एकदा कळल्यावर कोळशाचं फावडं उचलंना हाताला. मंग काय करनार?"

मी फोन ठेवला. मला तर ते सगळं त्यांच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. कॉलेजात त्यावर प्रश्न आला होता आणि मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते.