सहावं कारण

आमच्या नणंदेला तोंडावर मी वन्सं म्हणते आणि पाठीमागे फौजदार. सरकारी दवाखान्यात बायकांच्या विभागात ती एकवीस वर्षं सिस्टर आहे, आणि घरी आली तरी तिची ड्युटी काही संपत नाही. मी दिलेला चहासुद्धा ती कपाच्या कडा तपासून मगच पिते.

तर गेल्या वर्षी देशभर बायकांच्या आरोग्याचं नवं धोरण आलं. तिशीपुढच्या प्रत्येकीची गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी तपासणी करायची, तीही फुकट आणि घराजवळच्या दवाखान्यात. चांगलंच होतं, वाईट कोण म्हणतंय. सोबत दोनशे बारा पानांचं पुस्तक आलं. ते मी फौजदाराच्या पिशवीतून काढून वाचलं, मला काय, दुपारी दुसरं काम नव्हतं. सक्षमीकरण हा शब्द एकसष्टपर्यंत मोजला, मग कंटाळा आला. पडदा हा शब्द मात्र एकदाही सापडला नाही.

पडद्याचं काय ते सांगते. तपासणीचं टेबल आलं नवंकोरं. पण खोली एवढीशी, त्यामुळे ते एकाच बाजूने बसतं, पाय दाराकडे करून. आणि दार लागत नाही, कारण लसींच्या फ्रीजची वायर दारातून बाहेर व्हरांड्यातल्या प्लगला जाते. व्हरांड्यातल्या बाकावर कोण बसलेलं असतं, तर रक्तदाब मोजून घ्यायला आलेले पुरुष. आता कुठली बाई त्या टेबलावर झोपेल, सांगा.

पहिल्या महिन्यात सव्वीसजणी आल्या. टेबल बघितलं, दार बघितलं, "येते हं सिस्टर" म्हणाल्या नि निघून गेल्या.

तपासणी झाली नाही की कम्प्युटरमध्ये कारण भरायचं. कारणं वरूनच आलेली, मोजून पाच. इच्छा नाही, भीती वाटते, गैरसमज आहे, घरचे नको म्हणतात, वेळ नाही. पाचही कारणांत चुकलेली कोण, तर बाई. दार चुकू शकतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. फौजदाराने खाली सहावं कारण टाइप केलं, "खोलीला पडदा नाही". कम्प्युटर घेईना. मग तिने कागदावर लिहून पाठवलं. कागद परत आला, वर शेरा, "दिलेल्या कारणांपैकीच एक निवडावे." तिने पुन्हा पाठवला, पुन्हा परत. चार महिने हेच. शेवटी वरून काय आलं, तर चाळीस पोस्टरं. एक बाई दात काढून हसतेय आणि खाली मोठ्या अक्षरांत, "लाजू नका".

"वहिनी, ह्या लोकांचं मी काय करू?" फौजदार म्हणाली.

"वन्सं, पोस्टरं एकमेकांना चिकटवा आणि दारात टांगा. तेवढाच आडोसा."

ती हसली नाही. तिची नोकरी, तिला हसायला कुठून येणार.

त्यातच आमच्या समोरच्या टेलरबाईचं प्रकरण झालं. पाळी जाऊन सहा वर्षं झालेली आणि आता पुन्हा अंगावरून जायला लागलेलं. मला सांगितलं तेही ब्लाउजचं माप घेताना, तोंडात टाचण्या धरून. मी तिला दंडाला धरून फौजदारासमोर उभी केली. फौजदाराने चार प्रश्न विचारले आणि विचारता विचारता तिचा स्वतःचाच चेहरा उतरला.

"उद्या दवाखान्यात ये. टाळू नकोस."

"त्या टेबलावर? बाहेर बाकावर माझी निम्मी गिऱ्हाइकं असतात हो. ज्यांच्या पँटी मी शिवते त्यांच्यासमोर?"

"मग मोठ्या हॉस्पिटलात जा."

"तिथे तुमची चिठ्ठी मागतात."

आणि तपासल्याशिवाय चिठ्ठी देता येत नाही. झालं. घ्या सक्षमीकरण.

शेवटी मी माझी जांभळी चादर काढली. टेलरबाईने स्वतःच नेफा घातला, दोरी ओवली. मंगळवारी सकाळी फौजदाराने खिळे ठोकून पडदा टांगला आणि नेमके त्याच मंगळवारी दवाखाना तपासायला वरचे साहेब आले, हातात सामानाची यादी घेऊन.

"हे काय?"

"पडदा," फौजदार म्हणाली.

"यादीत नाही."

"म्हणून तर घरून आणलाय."

"घरची वस्तू सरकारी भिंतीला लावता येत नाही, सिस्टर. काढा. मागणीचा अर्ज करा."

"सात केलेत."

"मग आठवा करा."

माणूस वाईट नव्हता, हेच तर दुखणं. वाईट असता तर भांडायला तरी मजा आली असती. त्यांच्या शिपायाने चादर उतरवली. मी सोबत आणलेली टेलरबाई दारातच उभी होती. तिने पिशवी काखेत मारली आणि वळली. आज गेली तर ही बाई पुन्हा येत नाही, हे मला कळत होतं आणि फौजदाराला माझ्याहून जास्त.

मी शिपायाच्या हातातून चादर ओढून घेतली. "साहेब, भिंतीला लावायची नाही ना?"

"नाही."

"आणि हातात धरायची नाही, असं कुठे लिहिलंय?"

खोटं नाही सांगत, साहेबांनी खरोखर पानं उलटून बघितली. लिहिलेलं नव्हतं. मग एक टोक मी धरलं आणि दुसरं बाकावरच्या एका अनोळखी बाईच्या हातात दिलं. फौजदाराने टेलरबाईला हाताला धरून आत घेतलं.

"तिरकी धरलीय," टेलरबाई टेबलावरून म्हणाली. "डावीकडे खाली आलीय."

"तू गप झोप," मी म्हटलं.

मग फौजदार बोलायची थांबली. ती कधी थांबत नाही. माझे हात भरून आले होते, पण मी खाली केले नाहीत. बाहेर आल्यावर तिने आधी चिठ्ठी लिहिली आणि वर "तातडीचे" असं दोनदा लिहिलं.

बाकावरच्या बायकांनी शेजारणींना निरोप धाडले आणि त्या दिवशी एकोणीसजणी तपासून झाल्या. जी तपासून बाहेर येई ती पुढचीसाठी चादर धरे. अठराव्या नंबरला फौजदाराने मलाच आत ओढलं. कित्येक महिने मी स्वतःची तपासणी चुकवत होते, तेवढ्यात साधून घेतलंन.

टेलरबाईला गर्भाशयाच्या तोंडाशी गाठ निघाली, पण लहान. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. महिन्याभरात ती घरी आली. त्याच आठवड्यात वरून फौजदाराच्या नावाने पत्र आलं. तपासण्यांची संख्या वाढल्याबद्दल अभिनंदन, जनजागृतीच्या पोस्टरांचा परिणाम दिसून येत आहे.

फौजदाराने ते टेलरबाईच्या खाटेशी बसून मोठ्याने वाचलं. टेलरबाई पोट धरून म्हणाली, "हसवू नका गं, टाके ओढतात."

"मला हसू येत नाहीये," फौजदार म्हणाली आणि कागद काढला. "वहिनी, पेन द्या. आठवा अर्ज."

"माप घाला त्यात," टेलरबाई उशीला टेकत म्हणाली. "सहा फूट रुंद, सात उंच, नेफ्यासकट. नाहीतर तेवढ्यासाठी परत पाठवतील."